'रूल्स ऑफ ओरिजिन'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: साफ्ता, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावरचा लेख मराठीत आणतेय. 'रूल्स ऑफ ओरिजिन'ला (शुल्कसवलतीसाठी माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणारे नियम) 'उत्पत्तीचे नियम' लिहिलं, पण वाचताना पुराणातली सृष्टीची उत्पत्ती आठवते. दुसरं काही सुचतंय का? टॅरिफला 'जकात' चालेल?

खर्डेघाशा: जकात नको. आपल्याकडे जकात म्हणजे पालिकेचा नाका, आणि मुंबईतली जकातही १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर गेली. आयातशुल्क म्हणा. ओरिजिनला 'उगम' कसा वाटतो?

गोदीवाला: आम्ही कामावर नुसतं 'ओरिजिन'च म्हणतो. 'उगम' फसवा आहे. भारत-श्रीलंका करार २००० साली लागू झाला, तेव्हाचं वनस्पती तुपाचं प्रकरण बघा. बाहेरून कमी शुल्कात पामतेल श्रीलंकेत आणायचं, तिथे वनस्पती बनवायचं आणि शुल्काशिवाय भारतात पाठवायचं. इथले कारखानदार ओरडले, मग भारताने कोटा घातला. आता नेपाळमधून येणाऱ्या रिफाइंड सोयाबीन तेलावरून तोच वाद चालू आहे, नेपाळमध्ये तेवढं सोयाबीन पिकत नसताना. लातूरच्या सोयाबीनवाल्यालाही हा शब्द कळायला हवा तो यासाठी.

म्हणजे माल कुठे जन्मला हा प्रश्नच नाही. कोणत्या देशात त्यावर पुरेसं काम झालं, हा आहे. साफ्तात बाहेरच्या कच्च्या मालाचा वाटा साधारणपणे किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो, अल्पविकसित देशांना ७०. शिवाय तयार मालाचं शुल्कसूचीतलं चार आकडी शीर्षक बदलावं लागतं. माझं मत 'मूळदेशाचे निकष'. मालाला कसोटीच लावतात, तर 'निकष'च बरा.

खर्डेघाशा: पटलं. अनुवादिकाताई, 'अल्पविकसित' आणि 'विकसनशील' यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका, करारात ते वेगळे गट आहेत.

तिरकस: मला तर 'मुक्त' हाच शब्द खटकतो. साफ्ता २००६पासून लागू आहे आणि प्रत्येक देशाची 'संवेदनशील यादी' आहे, म्हणजे ज्यावर सवलत नाही तो माल. भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी ती २०११मध्ये ४८० वस्तूंवरून २५वर आणली, हे चांगलंच केलं. तरी दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटात तो पाचव्या हिश्शाच्या वर आहे. पुलवामानंतर २०१९मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं, तिथे कसला मुक्त व्यापार! शुल्क शून्य केलं तरी बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर ट्रक रांगेत उभेच. त्यासाठी 'शुल्केतर अडथळे' रुळलाय, तो ठेवा.

अनुवादिका: करारातलंच नाव आहे, 'मुक्त' बदलता येणार नाही. 'मूळदेशाचे निकष' घेते. आणि 'क्युम्युलेशन'?

गोदीवाला: भारतीय सुताचा शर्ट बांगलादेशात शिवून श्रीलंकेला पाठवला, तर दोन्ही देशांचा वाटा एकत्र धरतात. बेरीज निदान ५० टक्के हवी, त्यात पाठवणाऱ्या देशाचे स्वतःचे २०. 'वाट्यांची बेरीज' लिहा आणि हेच उदाहरण खाली जोडा. 'संचयन' लिहिलंत तर लोकांना बँकेतली ठेव वाटेल.