टिलर फिरवल्यावर लव्हाळा दुप्पट झाला, आता काय करू?

शेतवाला_पेडणे: नमस्कार मंडळी. गोव्यात पेडण्याला आमची ९०० चौरस मीटर जागा, पावसात भात आणि नंतर वायंगणी (पावसानंतरच्या हंगामात) अळसांदे म्हणजे आमची चवळी, थोडी मिरची. तणनाशक मारायचं नाही हे घरात ठरलेलं आहे. यंदा भात कापल्यावर भाड्याचा पॉवर टिलर आणून दोनदा फिरवला, माती एकदम रव्यासारखी झाली, मी खूश, आणि आठ दिवसांत बघतो तर आख्खं शेत हिरवं, सगळा लव्हाळा! बायका लावून खुरपून घेतलं तर चौथ्या दिवशी परत तेवढाच. टिलरवाला म्हणतो अजून एक हात मारूया. मारू का?

सत्तरीकर७: नको रे बाबा! एक रोप कुदळीने खोल खणून न तोडता काढ आणि बघ. खाली दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी दिसतील, एक फोडलीस तर आत पांढरी आणि वास काढ्याचा. साखळी अखंड असते तोवर बऱ्याच गाठी झोपून असतात, पात्याने तुकडे झाले की एकेक उठते आणि वेगळा संसार मांडते. तू पैसे देऊन लागवड केलीस लव्हाळ्याची 😄

भाटातला_माणूस: आमच्याकडे कोणीतरी मीठ टाकायला सांगितलेलं, चालेल?

सत्तरीकर७: अजिबात नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, कोरगुट जातीचं भात खारं सोसतं, अळसांदे नाही सोसणार.

कुळागरवाली: दादा, आता जमीन खोल हलवू नका. दर दहा-बारा दिवसांनी वरवर कापत राहा, पाती वाढून नव्या गाठी धरायच्या आत, म्हणजे जुन्या गाठी हळूहळू दमतात. कंटाळवाणं काम आहे, पण लव्हाळ्याला सावली सोसत नाही म्हणून अळसांदे दाट पेरा, वेल पसरले की अर्धं काम तेच करतात. मिरचीत पेंढा, काजूचा पाला घाला, ओल टिकेल, बारीक तण दबेल, पण लव्हाळा त्यातून वर येणार, तो प्लास्टिकलासुद्धा भोक पाडतो, आम्ही पैसे घालवून शिकलो. खरी संधी मार्च-एप्रिलमध्ये. पीक निघालं की पाणी बंद, जमीन कोरडी झाली की साधा नांगर घालून मोठी ढेकळं तशीच उन्हात पडू द्या, गाठी सुकून मरतात. तेच काम ओलीत केलंत की उलटा परिणाम. आणि हो, भाड्याचं यंत्र शेतात घ्यायच्या आधी पाती धुवून घ्या, दुसऱ्याच्या शेतातल्या गाठी त्यातूनच येतात.

शेतवाला_पेडणे: देव बरें करूं. आज खणून बघितलं, एका रोपाखाली अकरा गाठी निघाल्या, बाराव्या जागी दोरा तुटला म्हणजे ती आत राहिली. टिलरवाल्याला नको म्हणून फोन केला, तो रागावला. अळसांद्यांचं बी अजून दोन किलो आणतो, मिरचीचा वाफा यंदा निम्माच करतो.