मुंबई–टोकियो : जाताना बारा तास आणि येताना साडेसहा?

ब-३०४ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. एप्रिलमध्ये आम्ही दोघे सासूबाईंना घेऊन मुलाकडे टोकियोला जात आहोत. तिकिटावर मुंबईहून रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला पोहोचण्याची वेळ आहे, तर परतताना सकाळी ११ ला निघून संध्याकाळी साडेपाचला मुंबई, असे लिहिले आहे. दोन्ही विमाने थेट असताना जाण्यास बारा तास आणि येण्यास साडेसहाच, हे कसे? सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून विचारते.

अ-१०२ : ताई, प्रत्यक्षात याच्या नेमके उलट आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते आणि टोकियोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. त्यामुळे जाताना बारांतून साडेतीन वजा केले की साडेआठ तास उरतात आणि येताना साडेसहात साडेतीन मिळवले की दहा तास होतात. गुडघ्यांची काळजी परतीच्या प्रवासासाठीच करा. त्या विमानात आईंसाठी मधल्या वाटेलगतची जागा आताच मागून ठेवा.

क-२०१ : पण काका, अंतर दोन्ही वेळा तेवढेच असताना दीड तासाचा फरक कशामुळे पडतो?

अ-१०२ : वाऱ्यामुळे. मुंबई ते टोकियो हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे ६,७५० किलोमीटर भरते. विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा पट्टा वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून येतो; जपानच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, तो मंदावून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा हा फरकही कमी होतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते, परंतु अहवाल एस्परांतो या सर्व देशांना सामाईक म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापल्यामुळे जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. (जगाला कळावे म्हणून निवडलेली भाषा जगालाच येत नव्हती!)

शिवाय ६,७५० किलोमीटरची ती रेषा पूर्व हिमालय आणि तिबेटच्या कडेवरून जाते. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तिबेटचे पठारच सरासरी त्याहून बरेच उंच आहे. म्हणून विमाने सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात आणि प्रत्यक्ष उड्डाण त्या आकड्यापेक्षा लांबते.

ड-४०३ : विमान नारिता येथे उतरणार की हानेदाला, तेही पाहा. हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्य टोकियोपासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे.

ब-३०४ : नारिता आहे. मुलगा तेथे न्यायला येईल. म्हणजे एकूण हिशेब साडेआठ तासांचा नाहीच. पुण्याहून मुंबई विमानतळ, तेथे तीन तास आधी हजेरी आणि पलीकडे पुन्हा तासाभराची गाडी, हे सर्व धरावे लागेल.

अ-१०२ : अगदी बरोबर. जाताना दुपारी बाराच्या आतच सोसायटीतून निघा. येताना साडेपाचला उतरून सामान मिळेपर्यंत सात वाजतील आणि घाटात गर्दी असल्यास पुण्यात अकरा-साडेअकरा होतील. त्या रात्री लिफ्टजवळ व्हीलचेअर ठेवण्यास मी सुरक्षारक्षकाला सांगून ठेवतो. तारीख तेवढी कळवा.