आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या फिरत्या घरासारख्या गाडीच्या) सुट्टीत मांजरांना सोबत न्यावे का?

निळाई (धागाकर्ती) :
2024 च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील एक जोडपे आपल्या दोन सयामी मांजरांसह अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले आणि फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये उतरले. तिथे पोहोचल्यावर रेनबो नावाचा त्यांचा बोका कशाला तरी बिचकला आणि झाडीत पळाला. शोधाशोध करूनही तो न सापडल्याने त्यांना त्याच्याविना परतावे लागले. ऑगस्टमध्ये तो जवळपास 900 मैलांवरच्या रोझव्हिल शहरात अगदी खंगलेल्या अवस्थेत मिळाला आणि कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपमुळे (मायक्रोचिप) मालकांचा पत्ता लागला. सगळीकडे ही आनंदाची बातमी म्हणून सांगितली गेली. मला मात्र मधल्या दोन महिन्यांचाच विचार छळत राहिला, कारण तो जिथून पळाला त्या जागी अस्वलांच्या वावरामुळे माणसांनाही तंबू ठोकण्याची परवानगी नसते.

माझे म्हणणे असे की, आठ-पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी मांजरांना आरव्हीत घालून नेऊ नये. कुत्रा माणसाच्या मागून कुठेही येतो, पण मांजराचा जीव जागेत असतो. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला गाल घासून त्याने आपल्या वासाच्या खुणा केलेल्या असतात आणि त्या खुणांच्या आत ते निर्धास्त असते. तिथून उचलून त्याला दर दोन दिवसांनी नव्या मुक्कामी नेल्यावर त्याच्या वाट्याला काय येते? यलोस्टोनमध्ये पाळीव प्राण्यांना पायवाटांवर आणि लाकडी पुलवाटांवर बंदी आहे. रस्ता, पार्किंग किंवा कॅम्पग्राउंडपासून 100 फुटांच्या आत, तेही 6 फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्याला बांधून, एवढीच मोकळीक. म्हणजे आपण ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचे कारंजे पाहायला जाणार आणि ते दिवसभर गाडीत कोंडलेले राहणार. त्यापेक्षा ओळखीच्या माणसाने सकाळ-संध्याकाळ घरी येऊन त्याच्याकडे बघावे, हे कितीतरी दयेचे आहे.

वाटसरू :
निळाईताई, मी आणि माझी पत्नी आमच्या दोन मांजरांसह बराच काळ ट्रेलरमध्येच (गाडीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घरात) राहतो आहोत, त्यामुळे तुमचे मत मला मुळीच पटत नाही. मांजराचा जीव जागेत असतो हे खरे, पण ट्रेलर ही जागाच नव्हे का? लिटर बॉक्स (शी-शूसाठीची वाळूची पेटी) त्याच कोपऱ्यात, पांघरूण तेच, जेवणाची वेळ तीच. खिडकीबाहेरचा देखावा तेवढा बदलतो, आणि तो तर त्यांना तासन् तास पाहायचा असतो. मात्र त्यासाठी तयारी लागते. आम्ही गाडी दारात उभी असतानाच त्यांना आत जेवायला घालू लागलो, मग नुसते इंजिन सुरू करून बसलो आणि कितीतरी दिवसांनी पहिली छोटी फेरी मारली. रेनबो सुदैवाने घरी आला, परंतु त्याच्या पळण्याचा दोष मी प्रवासाला देणार नाही. दार उघडण्यापूर्वी मांजर कॅरिअरमध्ये (न्यायच्या पेटीत) किंवा हार्नेसमध्ये (अंगाभोवती बांधायच्या पट्ट्यात) असलेच पाहिजे, हा नियम पाळला की हा धोका फार कमी होतो.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. गाडी थांबवल्यावर खोली रुंद करण्यासाठी भिंतीचा जो भाग बाहेर सरकतो, त्या स्लाइड-आउटच्या पोकळीत मांजर शिरून बसते आणि तो आत घेताना चिरडले जाऊ शकते. आम्ही बटण दाबण्यापूर्वी दोघींना हाताने चाचपून कॅरिअरमध्ये ठेवतो. 'असेल कुठेतरी आत' या भरवशावर बटण कधीही दाबू नये.

रानजाई :
वाटसरू, तुमची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण ती अंगवळणी पडायला तुम्हाला जो वेळ मिळाला तो सुट्टीला निघालेल्या कुटुंबाला मिळत नाही. गाडी भाड्याची असते, ती आदल्या दिवशी ताब्यात येते आणि तिच्यात परक्या माणसांचा, परक्या कुत्र्यांचा वास भरलेला असतो.

आमच्या बोक्याच्या बाबतीत जे घडले ते सांगते. वायोमिंगमध्ये एका संध्याकाळी तो पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसू लागला. प्रत्येक वेळी वाळू उकरायची, कुंथायचे, एखादा थेंब पडायचा आणि बाहेर येऊन तो खालचा भाग चाटत राहायचा. मधूनच खोल, घुसमटलेला आवाज काढायचा. आम्हाला ते बद्धकोष्ठ वाटले असते, पण माझ्या बहिणीने फोनवर ऐकताच सांगितले की लघवी अडली आहे, रात्र काढू नका. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन ती तुंबली, तर रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. रात्री उघडा असलेला प्राण्यांचा दवाखाना कित्येक तासांच्या अंतरावर होता. तो वाचला. हे घरीही होऊ शकले असते, हे मी जाणते. पण घरी दवाखाना वीस मिनिटांवर आहे.

दीपमाळ :
विजेचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहितो. बाहेर जेमतेम 21 अंश सेल्सिअस असतानाही उन्हातल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात तापमान 40 अंशांच्या घरात जाते. आरव्ही मोठी असल्याने थोडी सावकाश तापते, एवढाच काय तो फरक. छतावरचा एसी कॅम्पग्राउंडच्या विजेवर चालतो आणि भर दुपारी सगळ्यांचे एसी सुरू असताना ब्रेकर उडणे ही नित्याची बाब आहे. तापमान वाढल्याचा संदेश मोबाइलवर पाठवणारी यंत्रे मिळतात, ती जरूर घ्यावीत. पण राष्ट्रीय उद्यानांच्या मोठ्या भागात मोबाइलला रेंजच नसते, मग तो संदेश वाचणार कोण? वीज जाताच आपोआप सुरू होणारा जनरेटर नसेल, तर उन्हाळ्यात मांजराला गाडीत ठेवून दिवसभर भटकू नये, या मताचा मी आहे.

वाटसरू :
दीपमाळ यांच्याशी मी शब्दशः सहमत आहे. रानजाई, तुमचा अनुभव वाचून पोटात कालवले. तरीही एक सांगतो, घरी ठेवणे म्हणजे ताणातून सुटका असे नव्हे. माणसांना चिकटून राहणारी मांजरे घर रिकामे झाले की अन्न सोडतात, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. पुण्यात शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन निर्धास्त जाता येत होते. इथे पैसे देऊन येणारी व्यक्ती वाटी भरते, लिटर साफ करते आणि निघून जाते. प्रवासाच्या भीतीवर आता औषधेही आहेत. गॅबापेंटिन हे शांत करणारे औषध प्राण्यांचे डॉक्टर पूर्वीपासून देत आलेच आहेत, आणि 2023 मध्ये प्रवासातील भीतीसाठी मांजरांकरिता प्रीगॅबालिन या तशाच औषधाच्या द्रावणाला इथे अमेरिकेत मान्यता मिळाली.

निळाई :
आपल्या मनोरंजनासाठी ज्याला औषध देऊन शांत करावे लागते, त्याला का न्यावे, हा माझा प्रश्न कायम आहे. ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांना माझा विरोध नाही. त्यांची मांजरे आपल्या घरातच असतात. वाटीपुरती येणारी व्यक्ती पुरेशी नाही हे मात्र मान्य. मुक्कामालाच राहील असे माणूस शोधावे आणि ते मिळेपर्यंत सुट्टी पुढे ढकलावी.

केवडा :
आमच्या म्हाताऱ्या मांजरीला मधुमेह आहे. दर बारा तासांनी इन्सुलिन टोचावे लागते आणि ती परक्या माणसाला हातही लावू देत नाही. आम्ही कायमचे घरीच बसावे का?

निळाई :
नाही, तिला अवश्य न्या. फक्त फिरता दौरा करू नका. जवळच्या, थंड हवेच्या एकाच कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याच्या जोडणीसह सगळे दिवस राहा, इन्सुलिन गाडीतल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि तिथल्या प्राण्यांच्या दवाखान्याचा क्रमांक निघण्यापूर्वीच मिळवा. दिवसा तुमच्यापैकी एकाने तिच्याजवळ थांबावे.