काँक्रीटचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) फेल, तरी रजिस्टरला 'पास' म्हणून सही मागतायत. काय करू?

नमस्कार मंडळी. आरसीसी कन्सल्टन्सी (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन) करणाऱ्यांकडून विशेष सल्ला हवाय. गाव आणि कंपनी सांगत नाही, समजून घ्या.

पार्किंग अधिक सात मजल्यांची बिल्डिंग, मी साईट इंजिनिअर. दुसऱ्या मजल्याचे कॉलम एम-२५ चे, म्हणजे २५ एन/मिमी² ताकदीच्या काँक्रीटचे. ओतायच्या दिवशी आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, माल घट्ट झाला, आणि मी ओरडेपर्यंत ड्रायव्हरने पाइप लावून ड्रममध्ये पाणी मारलंसुद्धा. २८ दिवसांचे क्यूब फुटले १९.२, २०.१ आणि १८.६ ला. सरासरी १९.३. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडप्रमाणे २२ तरी हवी. तिन्हींतला फरक १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सँपल बाद धरायलाही जागा नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, "सिमेंट वाढवून नवे क्यूब भर, जुनी तारीख टाक, सात दिवसांत पास होतील. हॅमर (वरून आपटून कडकपणा बघायचं उपकरण) मारून बघितलाय, कॉलम ठणठणीत आहेत." वर चौथ्या स्लॅबचं सेंट्रिंग (ओतण्याआधीचा साचा) चालू आहे.

घरी विषय काढला तर बाबांनी सत्येंद्र दुबेंचं नाव घेतलं. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पत्राने वर कळवला आणि २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. माझं प्रकरण तेवढं मोठं नाही, पण कर्जाचे हप्ते चालू आहेत, नोकरी जाऊन चालणार नाही. आर्किटेक्टना १९७२ चा कायदा आणि कौन्सिल तरी आहे, आपण दाद कुठे मागायची? आधी कुणाला सांगू? मेल करू की तोंडी? उद्या काही झालं तर सही माझी, हे नक्की ना?

प्रतिसाद

सही तुमचीच धरतील. करू नका. पण भांडायलाही जाऊ नका.

क्यूब फेल म्हणजे कॉलम गेला असं नाही, आणि नुसत्या हॅमरवरून तो पासही होत नाही. कोडमध्ये वाट दिलेली आहे: कॉलममधून किमान तीन कोअर (ड्रिलने कापलेले काँक्रीटचे नमुने) काढून तपासायचे. सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५, आणि एकही ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली नको. त्यातही नापास झाले तर कन्सल्टंट खरी स्ट्रेंग्थ धरून कॉलम पुन्हा तपासेल. गरज पडली तर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती जादा काँक्रीट-सळईचं आवरण. लोड टेस्ट स्लॅब-बीमला ठीक, कॉलमला तिचा उपयोग नाही.

म्हणून आजच आरसीसी कन्सल्टंटला मेल टाका, मॅनेजरना सीसीमध्ये ठेवून. लॅबचा रिपोर्ट, ओतल्याची तारीख, कॉलम नंबर, गाडीचं चलन, पाणी घातल्याची नोंद. शेवटी एवढंच: 'कोअर टेस्टबाबत आणि तोपर्यंत वरचा स्लॅब ओतावा का, याबाबत कळवावे.' खोट्या क्यूबचा उल्लेखही नको. स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर सही कन्सल्टंटची असते, तो गप्प बसणार नाही. बिल्डरलाही पटेल, रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) मध्ये ताब्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरल दोषाची दुरुस्ती त्याच्याच गळ्यात आहे आणि कोअरचा खर्च त्यापुढे किरकोळ.

रिपोर्टची एक प्रत घरी ठेवा. कन्सल्टंटचं उत्तर आलं की इथे लिहा, पुढचं बघू.