एसीच्या खोलीमागची भिंत ओली: गळती की हवेतलं बाष्प?

प्रश्न
ठाण्यातला फ्लॅट. बेडरूम आणि हॉलच्या मध्ये साडेचार इंची विटांची भिंत. पावसाळ्यात रात्रभर एसी १८ वर असतो. हॉलच्या बाजूला कपाटामागे काळी बुरशी धरते, भिंत हाताला ओली लागते. भिंतीत पाण्याची लाइन नाही. कंत्राटदार वॉटरप्रूफिंग करा म्हणतोय. करावं का?

प्रतिसाद १
आधी फॉइल लावून बघा, तोवर एक रुपयाही घालू नका. कपाट सरकवा, भिंत पुसून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा, कपाट परत जागेवर ठेवा आणि एसी नेहमीसारखा चालवून दोन रात्री जाऊ द्या. पाणी फॉइलवर हॉलकडच्या अंगाला आलं तर ते हवेतलं. फॉइलखाली आलं तर ओल भिंतीतून येतेय.

मला पहिलंच वाटतं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना जे काही २६ अंशांखाली जाईल त्यावर पाणी धरतं. उघडी भिंत हॉलच्या हवेने जरा उबदार राहते. कपाटामागे हवा फिरतच नाही, म्हणून नेमका तोच भाग गार पडतो. वॉटरप्रूफिंगने हे थांबणार नाही, पाणी हवेतून भिंतीवर बसतंय.

एसी २५-२६ वर ठेवा, झोत भिंतीवर नको. कपाट चार इंच पुढे घ्या आणि हॉलचा पंखा चालू ठेवा. भर पावसात खिडक्या उघडून भिंत वाळत नाही, बाहेरची हवाही तितकीच दमट.

प्रतिसाद २
एसीच्या तांब्याच्या नळ्या याच भिंतीतून गेल्यात का? असतील तर फॉइलची परीक्षा फसवेल. जाड नळी गार असते. तिच्यावरचं काळं रबरी आवरण नळी जोडणाऱ्या नटपाशी बहुतेक वेळा अर्धवट सोडलेलं असतं. तिथे पाणी धरतं, भिंतीत ओघळतं आणि फॉइलखाली गळतीसारखं दिसतं. डाग नळीच्या भोकापासून खाली उतरत असेल तर आधी तिथे बघा. नवं आवरण १३ मिमी जाडीचं घ्या, नटही झाकून सांधा टेपने बंद करा.

प्रतिसाद ३
भिंतीवर पांढरे क्षार आणि पोपडे दिसले तर ओल आतूनच येतेय. हवेतल्या पाण्याने सहसा फक्त बुरशी येते. बुरशीवर थेट रंग मारू नका. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटांनी पुसा. हातमोजे घाला, त्या वेळी खिडकी उघडी हवी. टॉयलेट क्लीनर त्यात अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.