हॉलमध्ये कुठलं महाभारत लावायचं?

कुलकर्णी काका, ए-३०४: नमस्कार. लिफ्टशेजारच्या बोर्डावर सूचना वाचली. मे महिन्यात दर रविवारी संध्याकाळी ६ वाजता मुलांना महाभारत दाखवणार. उत्तम उपक्रम. पण २०१३ चं, स्टार प्लसवरचं? दूरदर्शनवरचं बी. आर. चोप्रांचं सोडून? हे कोणी आणि कधी ठरवलं, ते कळेल का?

पाटील वहिनी, बी-२०१: काका, सांस्कृतिक समितीने ठरवलं. मुलांना विचारूनच. जुन्याचा पहिला भाग लावून पाहिला होता. दहा मिनिटांत अर्धी पोरं सायकली घेऊन खाली.

कुलकर्णी काका, ए-३०४: पहिला भाग कशावर आहे, ते सांगितलं का कोणी त्यांना? भरत राजा स्वतःच्या मुलांना बाजूला ठेवून भूमन्यूला युवराज करतो. गादी जन्माने मिळावी की लायकीने, हा सगळ्या कथेचा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात मांडलाय. ते थांबून ऐकण्याची सवय आपणच लावायची असते.

नेने, बी-४०४: प्रोजेक्टर कोणत्या फंडातून घेतला, याचं उत्तर सर्वसाधारण सभेत मिळालेलं नाही. कृपया आधी ते द्यावं.

मृण्मयी, सी-१०३: काका, मला जुनं आवडतं, आईबाबांबरोबर पाहिलंय. पण हवेत दोन बाण समोरासमोर येऊन लखलखतात, तिथे आजची मुलं हसतात आणि प्रसंगातून बाहेर पडतात. नव्यात कुरुक्षेत्र बघताना युद्धाची भीती वाटते. शंभर कोटी खर्च केल्याच्या बातम्या होत्या तेव्हा. शीर्षकगीत तर आपल्या अजय-अतुलचं.

कुलकर्णी काका, ए-३०४: खर्चाने महाभारत होत नाही, मृण्मयी. २००८ मध्ये एकता कपूरनेही केलं होतं नाइन एक्स वाहिनीवर. काही महिन्यांत गुंडाळलं. आठवतं कोणाला?

देशमुख, सी-५०१: मला आठवतं. आठवायचं नव्हतं 😄

साठे काकू, ए-१०२: बी विंगला पाणी येतंय का हो? आमच्याकडे नळाला थेंब नाही.

नेने, बी-४०४: बी ला पण नाही. टँकरचं बिल मात्र वेळेवर येतं.

कुलकर्णी काका, ए-३०४: पाण्याचं मेंटेनन्सच्या ग्रुपवर टाका ना, इथे विषय चालू आहे. तर मुद्दा असा. जुन्याची ताकद सेटमध्ये नव्हतीच. ती राही मासूम रझांच्या लेखणीत होती. शेजारी सल्ल्याला पंडित नरेंद्र शर्मा. आणि कथा कोण सांगतो? काळ. हरीश भिमाणींचा आवाज आणि पाठीमागे फिरणारं चक्र, बस. काळ कोणाची बाजू घेत नाही. भीष्म चुकले तर भीष्म चुकले म्हणतो.

मृण्मयी, सी-१०३: नव्यात कृष्ण बोलतो प्रेक्षकांशी. मुलांना तेच आवडतं. प्रसंग थांबवून तो विचारतो, तुम्ही काय केलं असतं.

कुलकर्णी काका, ए-३०४: तिथेच घोळ आहे. कृष्ण स्वतः कथेतला आहे. त्याने पांडवांची बाजू घेतलेली आहे. त्यानेच निवेदन केलं की दुर्योधनाला न्याय कसा मिळणार? जुन्यात पुनीत इस्सरचा दुर्योधन बघ. चिडतो, पण त्याचं म्हणणं तुला ऐकू येतं.

सावंत बाई, सी-२०२: कुलकर्णी, हा मुद्दा फार चांगला मांडलात. मी शाळेत इतकी वर्षं मुलांना व्यासपर्व शिकवलं, पण निवेदक बदलल्याने कथा बदलते हे असं कधी बोलले नव्हते.

कुलकर्णी काका, ए-३०४: धन्यवाद बाई 🙏

देशमुख, सी-५०१: निवेदकाचं राहू द्या, आपल्या सोसायटीत धृतराष्ट्र कोण ते आधी ठरवू. मुलाची दुसरी गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये महिनाभर उभी आहे आणि ती कोणाला दिसत नाही.

पाटील वहिनी, बी-२०१: देशमुख, कृपया.

देशमुख, सी-५०१: हा संदेश हटवला आहे.

चेअरमन, ए-५०१: नमस्कार मंडळी. वरचा संदेश मी हटवण्याआधी वाचला आहे. गाडीची बॅटरी उतरली आहे, मेकॅनिक शनिवारी येणार आहे, हे मी वॉचमनच्या वहीत लिहून ठेवलं आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी वही बघावी. ग्रुपवर अशा भाषेची अपेक्षा नव्हती.

देशमुख, सी-५०१: साहेब, वैयक्तिक घेऊ नका. महाभारताच्या ओघात बोललो.

चेअरमन, ए-५०१: ठीक आहे.

नेने, बी-४०४: चेअरमनसाहेब आलेच आहेत तर, प्रोजेक्टर कोणत्या फंडातून?

चेअरमन, ए-५०१: नेने, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेतून. इतिवृत्तात आहे.

नेने, बी-४०४: इतिवृत्त मला मिळालेलं नाही.

मृण्मयी, सी-१०३: काका, एक विचारू? रागावू नका. तेव्हा बघायला दूरदर्शनच होतं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे असं सगळेच सांगतात. मग तुम्हाला आवडते ती मालिका, की ती रविवारची सकाळ? आमच्या वाट्याला ती सकाळ आली नाही, म्हणून आमची मालिका आपोआप कमी दर्जाची कशी ठरते?

कुलकर्णी काका, ए-३०४: याचं उत्तर २०२० ने दिलंय. २८ मार्चला लॉकडाऊनमध्ये डीडी नॅशनलवर रामायण आणि डीडी भारतीवर महाभारत पुन्हा सुरू झालं. शेकडो चॅनल होते, मोबाइल होते, ओटीटी होतं. तरी लोक बसले. माझ्या पुतण्याच्या मुलीला कसली आलीय १९८८ ची आठवण? ती दुपारी १२ ला आणि संध्याकाळी ७ ला टीव्हीसमोरून हलत नव्हती. गूफी पेंटलचा शकुनी आला की आजीला बोलवायची. आठवणीने पाहणारी ही मुलं नव्हती. लेखन चांगलं होतं, म्हणून पाहिलं.

सुमेध, बी-३०३: लॉकडाऊनमध्ये आम्ही भिंतसुद्धा बघितली असती काका 😂

कुलकर्णी काका, ए-३०४: सुमेध, मी गंभीरपणे बोलतोय.

सुमेध, बी-३०३: सॉरी काका. पण नवीन पण नुसतं भारतात चाललं नाही. इंडोनेशियात इतकं गाजलं की शाहीर शेख आणि बाकीच्या मंडळींना तिकडे बोलावून कार्यक्रम झाले. माझे ऑफिसमधले जकार्त्याचे सहकारी अजून अर्जुन म्हटलं की त्याचंच नाव घेतात.

मृण्मयी, सी-१०३: 👏 आणि द्रौपदी! पूजा शर्माची द्रौपदी सभेत प्रश्न विचारते तेव्हा ती रडत नाही, जाब मागते. अंबेलाही नव्यात जागा मिळाली. भीष्मांच्या प्रतिज्ञेची किंमत एका बाईने मोजली, हे मला नव्यामुळे नीट कळलं.

साठे काकू, ए-१०२: रूपा गांगुलीला विसरू नकोस गं. तिने काय कमी जाब मागितला का? आम्ही चाळीत सगळ्या बायका तो भाग बघून गप्प झालो होतो. त्या दिवशी कोणाच्या घरी दुपारचा स्वयंपाक वेळेवर झाला नाही.

मृण्मयी, सी-१०३: नाही काकू, ती थोरच. दोघी थोर आहेत असं म्हणू या.

साठे काकू, ए-१०२: हं. आणि पाणी आलं. मातकट आहे, उकळून घ्या सगळ्यांनी.

कुलकर्णी काका, ए-३०४: नव्यात सगळ्यांचे दंड आणि छात्या सारख्या. नकुलही तसाच, भीमही तसाच. जुन्यात भीम झाला होता प्रवीण कुमार. थाळीफेकीत आशियाई सुवर्णपदक मिळवलेला खेळाडू. तो नुसता उभा राहिला की भीम दिसायचा. कृष्ण नितीश भारद्वाज, आपला मराठी मुलगा, शिक्षणाने पशुवैद्य. चेहरा बघून कोणी त्याला तेव्हा कृष्ण म्हटलं नसतं. हसला की मात्र म्हणावं लागायचं.

सावंत बाई, सी-२०२: मी जरा सविस्तर लिहिते, चालेल ना? तुम्ही दोघं भांडताय ते चुकीच्या जागी. २०१३ वाल्यांनी चोप्रांची मालिका पुन्हा केलीच नाही. त्यांनी व्यासांची कथा पुन्हा सांगितली. ती तर कीर्तनकार सांगतात, दशावतारात सांगतात, प्रत्येक पिढी सांगते. त्यामुळे तिथे बरोबरी होऊ शकते, कारण मूळ कोणा एका दिग्दर्शकाचं नाही. बरोबरी होत नाही ती जिथे मालिका हीच मूळ असते तिथे. करमचंद घ्या. १९८५ चा पंकज कपूर, गाजर खाणारा गुप्तहेर. २००७ मध्ये तोच पंकज कपूर पुन्हा आला. नट तोच, गाजर तेच, आणि तरी जमलं नाही. नुक्कड १९८६ चं, नया नुक्कड १९९३ मध्ये. कोणाला आठवतो का नवा नुक्कड? त्या मालिकांमध्ये कथा आणि सादरीकरण वेगळं काढता येतच नव्हतं. कथा व्यासांची असेल तर ती उचलून दुसरीकडे नेता येते. त्या कोपऱ्यावरची ती ठरावीक माणसं कुठे नेणार?

देशमुख, सी-५०१: बाई, हे पटलं. आपलं चिमणराव तसंच. चि. वि. जोशींच्या कथा कोणीही घ्याव्या, पण दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची ती जोडी पुन्हा करायला गेलं तर नुसती नक्कल होईल.

सावंत बाई, सी-२०२: अगदी. आणि टिपरे! आबांच्या जागी दुसरं कोणी बसवून दाखवा. उद्या कोणी श्रीयुत गंगाधर टिपरे नव्याने काढायची म्हणालं तर मी स्वतः जाऊन हात जोडीन, नका करू.

पाटील वहिनी, बी-२०१: बाई, मी पण येते तुमच्याबरोबर 😄

सावंत बाई, सी-२०२: अजून एक राहिलं. जुनी आठवड्यातून एकदा यायची. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, भाग फक्त ९४. मध्ये सहा दिवस घराघरात चर्चा. कर्णाचं बरोबर की चूक, यावर शिक्षकांच्या खोलीत आमची भांडणं व्हायची. नवी रोज यायची, वर्षभराच्या आत २६७ भाग. रोज शेवटी प्रेक्षकाला अडकवून ठेवायचं म्हटलं की एकेका वाक्यानंतर चार चेहऱ्यांवर कॅमेरा फिरणारच. मृण्मयी, तुझ्या मालिकेत जे खटकतं ते कलाकारांमुळे नाही, या रोजच्या रतिबामुळे. आणि मुलांना कंटाळा जुन्याचा येत नाही, जुन्याच्या संथपणाचा येतो. मध्ये थांबवून कोणी बोललं त्यांच्याशी तर बसतील.

मृण्मयी, सी-१०३: बाई, हे मान्य. तो चार चेहऱ्यांचा प्रकार मीही पुढे ढकलून बघते.

कुलकर्णी काका, ए-३०४: बाई, कथा व्यासांची हे मान्य. तरी माझं म्हणणं कायम. मुलांच्या डोक्यात पहिला भीष्म मुकेश खन्नाचा बसावा. एकदा चकचकीत बसला की मग जुना बघवत नाही. उलटं मात्र होत नाही, जुना बघून नवा बघता येतो. म्हणून क्रमाचा आग्रह.

सुमेध, बी-३०३: काका, हा मुद्दा पहिल्या मेसेजमध्ये लिहिला असता तर मी तेव्हाच हो म्हटलं असतं.

नेने, बी-४०४: इतिवृत्ताची प्रत आज संध्याकाळपर्यंत मिळावी. आणि प्रोजेक्टरची पावती.

चेअरमन, ए-५०१: नेने, दोन्ही तुमच्या पत्रपेटीत टाकायला सांगितलं आहे.

पाटील वहिनी, बी-२०१: बरं, ऐका. मे महिन्यात पाच रविवार. ९४ भाग होणार नाहीत आणि २६७ तर नाहीतच. समितीच्या वतीने असं सुचवते. निवडक प्रसंग घेऊ. आधी जुन्यातला, मग तोच नव्यातला. मध्ये सावंत बाई मुलांशी पंधरा मिनिटं बोलतील. बाई, जमेल ना?

सावंत बाई, सी-२०२: आनंदाने. पहिल्या रविवारी भीष्मप्रतिज्ञा घ्या. दोन्हीकडे चांगली झालीय आणि फरक लगेच कळतो.

कुलकर्णी काका, ए-३०४: जुन्यातला भाग आधी लागणार असेल तर माझी हरकत नाही. खुर्च्या लावायला मी ५ वाजता येतो.

मृण्मयी, सी-१०३: मी पण येते काका. दुसऱ्या रविवारी द्यूतसभा?

साठे काकू, ए-१०२: त्या दिवशी बालवाडी, पहिली-दुसरीची मुलं खाली पाठवू नका गं. वस्त्रहरण त्या वयात दाखवायचं नाही. त्यांच्यासाठी वेगळं काही ठेवा.

पाटील वहिनी, बी-२०१: बरोबर काकू. त्यांना अभिमन्यूचा भाग?

मृण्मयी, सी-१०३: अजिबात नको वहिनी, आमची भाची त्या भागानंतर रात्री झोपली नव्हती. जुन्यातलं कृष्णाचं बालपण लावा, गोकुळ, कालिया आणि गोवर्धन. बाकीची मोठी झाल्यावर बघतील.

पाटील वहिनी, बी-२०१: चालेल. लहान मुलं ५ ते ६, मोठी ६ नंतर. सूचना बदलून लावते. मोठ्यांपैकी कोणाकोणाला यायचंय त्यांनी खाली नाव आणि फ्लॅट नंबर लिहा, चटया त्या हिशोबाने काढते.

साठे काकू, ए-१०२: साठे, ए-१०२. मला खुर्ची लागेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

देशमुख, सी-५०१: देशमुख, सी-५०१. दोघं.

चेअरमन, ए-५०१: ए-५०१, तिघं.

नेने, बी-४०४: नेने, बी-४०४. चार जण. पावती अजून मिळाली नाही.