मदत हवी आहे : खापरांतील कॅल्साइट (चुन्याचे खनिज) मूळचे की नंतर साचलेले?

गोव्यातील जुवारी नदीच्या काठच्या गाळातून पूर्वी निघालेली, साठवणीच्या मोठ्या भांड्यांची ११ खापरे एका खाजगी संग्रहातून अभ्यासासाठी माझ्याकडे आली आहेत. चार खापरांच्या आतल्या अंगाला काळा, चकचकीत थर असून तो नखाने खरवडला तरी निघत नाही. ससानियन (इस्लामपूर्व इराणी राजघराणे) आणि आरंभीच्या इस्लामी काळात इराणच्या आखाताकडून आपल्या किनाऱ्यावर येणारे, आतून डांबर लावलेले टॉर्पेडो जार (लांबट, निमुळत्या बुडाचे रांजण) असेच असतात, त्यामुळे उत्सुकता वाढली आहे.

ताज्या तुटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच चारही खापरे फसफसली, म्हणजे त्यांत चुना आहे. गोव्याच्या जांभ्या मातीत चुना सहसा फार कमी असतो, म्हणून हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र एका खापराच्या क्ष-किरण विवर्तनात (खनिजे ओळखण्याच्या चाचणीत) कॅल्साइट आणि गेहलेनाइट (चुनायुक्त माती भाजताना बनणारे खनिज) दोन्ही दिसले. कॅल्साइट साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला विघटित होते आणि गेहलेनाइट त्याच्याही पुढच्या तापमानाला तयार होते, तेव्हा हे कॅल्साइट खाडीच्या पाण्यातून किंवा शिंपल्यांतून नंतर झिरपले असावे, असा माझा संशय आहे. भाजणी कमी-जास्त झाल्यानेही दोन्ही एकत्र राहू शकतात.

प्रत्येक खापरातून २ ग्रॅमपेक्षा जास्त नमुना काढण्याची परवानगी नाही आणि काळ्या थराला हात लावायचा नाही. खापरे साध्या पाण्याने धुतलेली आहेत; आम्ल फक्त एका कोपऱ्याला लागले आहे. एवढ्या नमुन्यात मूळचे आणि नंतर साचलेले कॅल्साइट वेगळे ओळखण्यासाठी पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे पुरेसे ठरेल, की कार्बन-ऑक्सिजन समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) चाचणीही करावी लागेल?